हजेरीची खिडकी

इथे पूर्वी चामडं कमावत.
उन्हाळा चढला की नदीकडच्या भिंतीला
अजून एक वास सुटतो.
नवे भाडेकरू म्हणतात, ड्रेनेज तुंबलं.
ओथा प्रुइट म्हणतो, "छे,
ती एकाहत्तर सालातली गाय आहे."

ओथा इथेच होता कामाला, एकोणीस वर्षं.
तिसऱ्या मजल्यावर ओली कातडी खरवडायचा.
आता तिसऱ्याच मजल्यावर राहतो,
माझ्या दारासमोरच्या दारात.
"तेव्हा इथं उभं राहायचे ते मला पैसे द्यायचे,
आता आडवं पडायचे मी त्यांना देतो,"
म्हणतो, आणि खोकला येईपर्यंत
एकटाच हसतो.

पेन्शनचा तिसरा हिस्सा भाडं.
उरलेल्या दोन हिश्शांत माणूस जगू शकतो
हे मला पंच्याहत्तरीला कळलं.
त्याआधी ब्रेडच्या सुरीनं
रक्तदाबाची गोळी कापायचे, अर्धी,
महिनाअखेरीला पाव.
पाव गोळी नि पावाचा तुकडा,
ओट्यावर चुरा दोन्हींचा सारखाच.

खाली दाराशी मुकादमाची खिडकी होती.
कार्ड सरकवायचं,
घड्याळ ठक्‌कन त्यात दात मारायचं.
तीन मिनिटं उशीर
म्हणजे पाव तासाची मजुरी गेली.
चौकट पितळेची, तशीच आहे अजून.
तिच्यामागे आता पा न्या शाँग बसते,
आमची नर्स. आईबाप लाओसच्या डोंगरातले,
ती स्वतः मिलवॉकीच्या बर्फातली.
काच सरकवून प्रत्येकाला विचारते,
"झोप लागली?"

ओथा तिथून मान खाली घालून जायचा.
"त्या खिडकीनं मला जन्मभर
उशीर झालाय एवढंच सांगितलं."

त्याच्या दाराआड एक निळी पिशवी असायची, भरलेली:
पायजमा, कवळीची डबी,
बहिणीचा नंबर लिहिलेला पुठ्ठा,
रबरबँडात टॅक्सीपुरत्या नोटा.
जुन्या घरून चार वर्षांत सहा वेळा
त्याला ॲम्ब्युलन्सनं नेलं होतं.
माणूस शिकतो.

फेब्रुवारीत, सरोवरावरून वारं दात खात येत होतं तेव्हा,
त्याचा पेपर दुपारपर्यंत दाराशीच पडून.
मी लिफ्टनं खाली गेले.
ती वर आली. कोट न घालता.
हे मला अजून आठवतं, की कोट घालावा लागला नाही,
बस धरावी लागली नाही.

त्याचे पाय घोट्याशी फुगलेले,
श्वास खिडकीच्या फटीतून यावा तसा.
खुर्चीवर कपड्यांचा ढीग,
म्हणून ती त्या पिशवीवरच बसली.
पाठीला स्टेथोस्कोप लावला, डॉक्टरला फोन केला,
गोळी दिली, मग घड्याळाकडे न बघता बसून राहिली.
तिच्या वजनानं आतली डबी
कुरकुरली एकदा.
सायरन वाजला नाही.
मी मात्र कान देऊन होते.

आता तो रोज आठला खाली जातो
वजनकाट्यावर उभं राहायला.
पाणी साठलं तर काटा आधी सांगतो म्हणे.
पहिल्या दिवशी खिडकीशी जाऊन त्यानं विचारलं,
"उशीर झाला?"
ती म्हणाली, "मीच अजून चहा घेतला नाही."

मार्चमध्ये ती निळी पिशवी मी बाजारात पाहिली,
त्याच्या हातात.
बटाटे, हिरव्या पाल्याची जुडी.
"आणि पायजमा?"
त्यानं पँटचा पाय जरा वर केला.
आत होता.

ल्युसिल ओक्रे तरी एप्रिलमध्ये गेलीच,
दुसऱ्या मजल्यावरून, झोपेत.
नर्स तळमजल्यावर असली म्हणून
वरचं बोलावणं चुकत नाही.
तिची खोली नऊ दिवसांत भरली.

माझी धाकटी बहीण रसीनला असते,
यादीत दोनशे बारावी.
परवा तिला टपालानं
गोळी कापायचं छोटं यंत्र धाडलं.
सुरी वाकडी कापते.